भोंग्यावरचे आभार

"अण्णा, तुमचं दुकान हाय, खरं ते हाय म्हणून ठावं कुणाला हाय? तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय, आनि वर त्या पालीला ठावं हाय. पाल काय हंडा इकत घेणार काय ओ?"

रघुपतीनं मान वर करून पालीकडं बघितलं. पाल छताला टांगलेल्या पितळी घागरींच्या मागून डोकं काढून बसली होती.

"मग काय करावं म्हणतोस?"

"परचार! पब्लिशिटी!"

"मागल्या खेपेस केलास तो काय होता रे?"

"त्यो नमुना हुता, अण्णा. आता खरा माल बघा की."

हा बोलणारा आमच्या गावचा आप्पाजी. खानापुराकडं आम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो. आप्पाजीच्या बोलण्यात खरं म्हणून काही असलं तर तेवढंच. गावात त्याचं नाव होतं ते गळ्यामुळं. रवळनाथाच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडावर तो पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राहायचा. कुणी नारळ लावला, कुणी फेटा दिला, कुणी पंचांना चहा पाजला, त्या सगळ्यांची नावं बापाच्या नावासकट, गल्लीसकट पुकारायचा आणि शेवटी "तेंचे आम्ही आभारी हाय" असं ताणून म्हणायचा. आमच्याकडचा माणूस फेटा देतो तो या पुकाऱ्यासाठीच. देवाला काय, फेट्याची गरज नसते.

बेंगळुरात तो आला गिरणीच्या कामाला. तिथं यंत्रांपुढं त्याचा गळा कुणाला ऐकू जाईना. त्याचा त्यालाही ऐकू येईना. सहा महिन्यांत त्यानं नोकरी सोडली आणि राजाजीनगरात एका जिन्याखाली पाटी ठोकली: श्री रवळनाथ पब्लिसिटी कंपनी. कंपनीची मालमत्ता म्हणजे गावाकडून आणलेला तोच भोंगा, एक खळीचा डबा आणि एक काळा कोट. तो कोट भर उन्हाळ्यातही अंगावरनं निघत नसे, कारण आतला सदरा पाठीवर फाटलेला होता.

"मोठी दुकानं पेपरात छापत्यात, शिनेमात दावत्यात," तो सांगायचा. "बारक्यांचं कोण हाय? मी हाय." ऐकायला झकास. शेजारच्या मल्लेश्वरमच्या बारक्या दुकानदारांनी ते ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. अडकला तो एकटा रघुपती.

रघुपतीचं घराणं तिथलं जुनं. तीनशे वर्षांमागं मराठी फौजेबरोबर खाली आलेलं. फौज परत गेली, हे राहिले. घरात मराठी बोलत, पण ती अशी की आम्ही गावाकडची माणसं दोनदा विचारून घ्यायचो. दुकान तांब्या-पितळेचं, बापाच्या वेळचं. बाप होता तोवर दारात गिऱ्हाईक उभं असायचं. आता एकसष्ट साल उजाडलं होतं आणि रस्त्याच्या पलीकडं जयतीर्थ नावाच्या गृहस्थानं स्टीलच्या भांड्यांचं दुकान काढलं होतं. आत ट्यूबलाइट. पितळेला कल्हई लागते, चिंच लागते, घासायला हात लागतात. स्टीलला काही लागत नाही, वर भांड्यात तोंडही दिसतं. बायका तिकडं वळल्या त्यात नवल ते काय!

आप्पाजीचा पहिला 'नमुना' असा झाला. त्यानं भाड्यानं जटका घेतला, म्हणजे तिथली घोडागाडी. त्यात बसून भोंग्यातून रघुपतीच्या हंड्यांची वर्णनं करत निघाला. घोड्याला जन्मात एकच रस्ता ठाऊक, स्टेशनचा. त्यामुळं मल्लेश्वरमचे हंडे दिवसभर रेल्वेच्या उतारूंना ऐकू आले. कागद छापले होते, त्यांचे शेंगदाणेवाल्यानं पुडे केले. आप्पाजीनं त्यातलाच एक पुडा घेतला, दाणे खाल्ले आणि कागद उलगडून रघुपतीला नेऊन दाखवला. "बघा अण्णा! लोकांच्या हातात पोचला का न्हाई?"

अशा माणसाला पुन्हा दारात कोण उभं करील? रघुपतीनं केलं. भिडस्त माणूस. कुणाला 'नको' म्हणायचं तर "आईस विचारून सांगतो" म्हणायचा, आणि विचारायचाच नाही.

आप्पाजीची घाई वेगळीच होती. त्याची बायको तानूबाई दीड वर्ष माहेरी बसून होती. गिरणीची नोकरी सोडली तेव्हा सासऱ्यानं, देवाप्पानं, तिला नेलं ते नेलंच. देवाप्पा हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. जन्म बैलांच्या बाजारात गेलेला. बैलाचे दात मोजल्याशिवाय तो बैलाच्या मालकाला रामराम घालत नसे. त्याचं पत्र आलं होतं: 'गौरीच्या आदल्या शुक्रवारी पोरीला घेऊन येतो. कंपनी म्हणजे काय ते डोळ्यानं बघतो. बघण्यासारखं असलं तर पोरगी ठेवीन. नसलं तर त्याच ट्रंकेसकट परत नेईन.'

म्हणजे त्या शुक्रवारी आप्पाजीला गर्दी हवी होती. कसलीही.

आणि त्याला गावाकडची अक्षत आठवली. आमच्याकडं लग्नाला कागदावर कोण येतं? घरोघर अक्षत फिरते. उंबऱ्यावर तांदूळ पडले की तापानं फणफणलेला माणूससुद्धा उठून येतो. आप्पाजीनं छापखाना गाठला. छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवून तयारच होता, वर गणपतीचा ठसा. त्यातली नवरा-नवरी काढली आणि दुकान घातलं. कानडीत झकास पत्रिका झाली: शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या दुकानी हळदीकुंकवास येऊन शोभा वाढवावी. खाली नाव कुणाचं? बायका बाप्याच्या नावानं येत नाहीत, एवढं आप्पाजीला कळत होतं. आणि रघुपती उठल्या-बसल्या "आईस विचारतो" म्हणे, त्यावरून दुकान आईचं हेही त्यानं ताडलं होतं. आईचं नाव त्यानं शेजारच्या पानवाल्याला विचारलं. छापलं: अंबुबाई.

पत्रिकांच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागली. वाटायला सगुणाबाई. ती रोज सकाळी घरोघर फुलं घालायची, कुठल्या घरात कोण सवाष्ण, कुणाची सासू खाष्ट, सगळं तिला तोंडपाठ. फुलांच्या पुडीबरोबर पत्रिका आणि चिमूटभर अक्षता देत ती दोनशे घरं फिरली. तिला वाचता येत नव्हतं. आप्पाजीला मराठी वाचता यायचं, कानडी नाही. आणि रघुपतीनं पत्रिका बघितलीच नाही. तो न बघताच "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाला होता.

शुक्रवारी दुपारी देवाप्पा आला. दुकानाच्या पायरीशेजारी ट्रंक टेकवली, तिच्यावर तानूबाईला बसवलं आणि स्वतः खांबाला टेकून उभा राहिला.

"ही तुजी कंपनी?"

"हे गिऱ्हाईक, मामा. कंपनी राजाजीनगरात हाय."

"कंपनीला दार हाय काय?"

"जिना हाय की."

तानूबाई नवऱ्याकडं बघत होती. "उन्हाचा कोट कशाला घाटलाय ओ?" तिनं विचारलं. "काढा की."

"असू दे. मॅनेजरला लागतोय."

चार वाजले आणि गल्लीच्या तोंडाशी लुगड्यांचे रंग दिसायला लागले. आधी पाच, मग वीस. मग मोजायचं कारणच उरलं नाही. पायरीवर वहाणांचा ढीग झाला. दुकान केवढं, तर एका वेळी चार माणसं मावतील एवढं. बाकीच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. सायकलवाले घंट्या वाजवून दमले आणि उतरून बघत राहिले.

देवाप्पा खांबापासून सरळ झाला. "आयला," तो म्हणाला. बाजारात मोठी खिल्लारी जोडी दिसली की तो एवढंच बोलायचा. आप्पाजीनं कोटाची बटणं लावली.

रघुपतीचे डोळे भरून आले होते. बापाच्या वेळेनंतर इतकी गर्दी त्यानं बघितली नव्हती. त्यानं हंडा उतरवला, घागर उतरवली, समया पुसल्या. कुणी हात लावला नाही. बायका एकमेकींत कुजबुजत होत्या.

"खरंच तिनं बोलावलंय?"

"नाव छापलंय ग! वर कुंकवाची बोटं!"

"काय हा काळ आला."

"मग तू कशाला आलीस?"

"बघायला. तू?"

"मीही तेवढ्यासाठीच."

शेवटी एका म्हाताऱ्या सवाष्णीनं रघुपतीला कानडीत विचारलं, "कुंकू लावायला कोण आहे, अण्णा?"

"कसलं कुंकू?"

तिनं पत्रिका पुढं केली. रघुपतीनं ती वाचली. मग त्यानं आप्पाजीकडं बघितलं. मग वर पालीकडं. पालीनंही तोंड फिरवलं.

"अरे," तो म्हणाला, "आमचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली."

आप्पाजीनं टोपी काढली. "लई वाईट झालं, अण्णा. कशानं गेले ओ?"

"अरे मूर्खा, माझी आई विधवा आहे!"

आता सांगतो. दोनशे बायका पितळेसाठी आल्या नव्हत्या, कुंकवासाठीही नव्हत्या. एक विधवा बाई स्वतःच्या नावानं हळदीकुंकू करते आहे, हा तमाशा बघायला आख्खं मल्लेश्वरम नटून आलं होतं. जयतीर्थानं लाखाचं स्टील मांडलं असतं तरी एवढी गर्दी जमली नसती.

दुकानाच्या मागंच घर. मधल्या दाराचा पडदा हलला आणि अंबुबाई बाहेर आल्या. तांबडं आलवण, डोक्यावर पदर, हातात काही नाही. नऊ वर्षांत त्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं, आणि पुढच्या दारानं त्या कधी आल्या नव्हत्या. पत्रिका त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचली. रघुपती हात जोडून उभा.

"एवढ्या बायका माझ्या नावानं आल्या?"

"होय आई. चूक झाली. मी सगळ्यांस सांगून…"

"मग उभ्या काय ठेवल्यास? सतरंजी घाल."

"आई, कुंकू कोण लावील? अहल्या तर माहेरी." अहल्या म्हणजे रघुपतीची बायको.

अंबुबाईंनी चारी बाजूंना बघितलं. ट्रंकेवर तानूबाई बसली होती.

"तू कोण ग?"

"मी ह्येंची बायको," तानूबाई म्हणाली. सांगताना तिला फार अभिमान वाटला असं कुणी म्हणणार नाही.

"ऊठ. कुंकू लाव. रघू, लग्नसराईचे ते बारके करंडे काढ. बोलावलेली बाई रित्या हातानं माझ्या दारातून जायची नाही."

"आई, सगळे?"

"सगळे."

तानूबाई कुंकू लावी आणि अंबुबाई स्वतःच्या हातानं पितळी करंडा पुढं करत. पहिली बाई अडखळली. विधवेच्या हातून कुंकवाचा करंडा! तिचा हात निम्म्यात थांबला. मागच्या सगळ्या माना पुढं झाल्या.

"स्वल्प जड आहे," अंबुबाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी घ्या."

तिनं हातात तोलून बघितला. चांगला जाड, नक्षीचा. दोन्ही हातांनी घेतला. तिच्यामागं मग अडखळायचं कुणी नाव घेतलं नाही. दोघी-तिघी तर पुन्हा रांगेत दिसल्या. सोवळं फार कडक असतं म्हणतात. असेल. फुकट पितळेपुढं ते किती टिकतं, हे आम्ही त्या दिवशी बघितलं.

सहा वाजता करंड्यांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. हंडे-घागरी जिथल्या तिथं. एकही भांडं विकलं गेलं नाही. आलोच आहोत तर म्हणून बायका करंडे घेऊन पलीकडं जयतीर्थाकडं शिरल्या आणि स्टीलचे डबे घेऊन घरी गेल्या. थोड्या वेळानं जयतीर्थ स्वतः रस्ता ओलांडून आला, कोपरापासून हात जोडले आणि आप्पाजीला कानडीत म्हणाला, "मॅनेजर, पुढल्या शुक्रवारी पुन्हा करा. ह्यांच्याचकडं करा. खर्च माझा."

"काय म्हणाला त्यो?" सासऱ्यानं विचारलं.

"कामावर खूश हाय म्हणाला, मामा."

"मला कानडी येतंय," देवाप्पा म्हणाला. "बेळगावच्या बाजारात काय इंग्रजीत बैल इकतोय काय मी?" त्यानं ट्रंकेवर थाप मारली. "उद्या सांजच्या गाडीनं आम्ही निघालो. त्याच्या आत ह्या दुकानातलं एक भांडं, एकच, इकून दाव. दावलास तर ट्रंक हितं ऱ्हाईल. न्हाईतर ट्रंकबी चालली, पोरगीबी चालली."

तानूबाईच्या हाताला कोपरापर्यंत कुंकू लागलं होतं.

शनिवारी सकाळी आप्पाजी काय करील असं तुम्हाला वाटतं? विकायला निघाला? छे. आभार मानायला निघाला. फडावर कुणी नुसता नारळ दिला तरी त्याचं नाव पुकारायचं, ही आमच्याकडची रीत. इथं दोनशे बायांनी येऊन मान दिला, आणि आभार राहिले! रात्रभर तेच त्याला खुपत होतं. तानूबाई म्हणाली, "आज एक भांडं इकायचंय, ध्यानात हाय न्हवं?" तो म्हणाला, "आधी रीत, मग धंदा." आणि भोंगा उचलला. घरं दाखवायला सगुणाबाई फुलांची पाटी घेऊन पुढं, मागं तानूबाई.

अकराव्या क्रॉसवर, म्हणजे अकराव्या आडव्या गल्लीत, पहिल्या घरापुढं त्यानं भोंगा तोंडाला लावला. त्याची कानडी मोडकी, पण गळा फडावरचा.

"हेडमास्तरांच्या सौभाग्यवती! पिवळ्या गेटाच्या घरातल्या! काल रघुपती अण्णांच्या दुकानात येऊन, अंबुबाईंच्या हातनं कुंकवाचा करंडा घेतला! दोन्ही हातांनी घेतला! तेंचे आम्ही आभारी हाय!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पिवळ्या गेटाच्या आतून म्हाताऱ्या सासूचा आवाज आला, "कुणाच्या हातून घेतलास ग?"

हेडमास्तरीणबाई धावत बाहेर आल्या. पदराला पीठ लागलेलं.

"अरे हळू! काय पाहिजे तुला?"

"कायबी नको, अक्का. आभार."

"झाले आभार. जा आता."

"असं कसं? अजून तुमच्या माहेरचं गाव राहिलं की." त्यानं पुन्हा भोंगा उचलला.

बाईंनी भोंग्याच्या तोंडावर हात ठेवला. "दुकानात येते मी. आता येते. तपेलं पाहिजेच होतं मला. तू फक्त बोलू नकोस."

आप्पाजीनं तानूबाईकडं अशा नजरेनं बघितलं की जणू आत्ताच कुस्ती मारली. "बघितलीस? मानूस मानाचा भुकेला असतोय. नाव घेटलं की इरघळतोय."

तानूबाईनं खाली बघून ओठ चावला. "होय तर," ती म्हणाली. "पुढलं घर बघा."

पुढचं घर वकिलांचं. तिथं 'सौभाग्यवती' एवढं म्हणेपर्यंतच आतून पिशवी घेऊन बाई निघाल्या. तिसऱ्या घरातून तर भोंगा तोंडाला लावायच्या आधीच. दोनदा रांगेत उभ्या राहिलेल्या एका बाईंनी सगुणाबाईला खिडकीतून हळूच विचारलं, "आमच्या घरी तो केव्हा येणार आहे?" आणि वाट न बघता हंडा आणायला गेल्या.

दुकानात देवाप्पा ट्रंकेवर बसला होता. पहिलं तपेलं विकलं गेलं तेव्हा त्यानं ते गिऱ्हाइकाच्या हातातून घेतलं, बोटानं वाजवलं, बूड बघितलं आणि परत दिलं. दुसरं, तिसरंही तसंच. सातव्या गिऱ्हाइकाच्या वेळी तो उठला, ट्रंक उचलली आणि रघुपतीला म्हणाला, "त्याचा जिना कुठं हाय तेवढं सांगा. ही ठेवून येतो आनि स्टेशनला जातो." जावयाबद्दल त्याचं मत बदललं नव्हतं. शब्द दिला होता, एवढंच.

तेवढ्यात आप्पाजी मंडळी परतली. पडद्यामागून अंबुबाईंनी तानूबाईला आत बोलावलं.

"बायका कशानं येताहेत ग?"

तानूबाईनं सांगितलं. अंबुबाईंनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलत राहिले. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"त्यास कळलंय का, की त्या कशानं येताहेत?"

"न्हाई."

"सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? कळलं तर लाज वाटंल आनि भोंगा बंद पडंल."

"किती घरं झाली?"

"सात."

"दोनशेतली सातच?"

गौरीला त्या दोनशे घरांतल्या एकाही घरातून अंबुबाईंना बोलावणं आलं नाही. त्यांनी वाटही बघितली नाही. पितळ मात्र दसऱ्यापर्यंत जात राहिलं. आप्पाजी पुढं कंपनीच्या कागदावर छापायचा: 'आमच्या प्रचाराचा पाया: कृतज्ञता.' त्याला ते अजून खरं वाटतं.

त्या शनिवारी तो पायरीवर बसून कॉफी पीत होता. तानूबाई बाहेर आली. त्याच्या अंगातला कोट तिनं मागून ओढून काढला आणि फाटक्या सदऱ्यावर एकदा नजर टाकली.

"हे आज शिवते. तुमी उठा. बाराव्या क्रॉसवरनं सुरू करा."

"जेवून जातो की."

"आभार गार हुत्यात," ती म्हणाली आणि भोंगा त्याच्या हातात दिला.

आप्पाजीनं उरलेली कॉफी घशाखाली घातली, खाकरला, भोंग्यातली धूळ फुंकली आणि सगुणाबाईच्या पाटीमागून चालू पडला.